बिनगुळाचं धोंडस

साईराज गेल्यापासून हर्षलाच्या घरात कुणी गोड खाल्लं नव्हतं. वाडीत तशी रीतच होती म्हणा, पण त्या रीतीला बाहेर पडायचं दारही होतं. आईच्या माहेरचं कुणीतरी गोडाचं घेऊन येतं, आई पहिला घास घेते आणि घर मोकळं होतं. त्याप्रमाणे रोहिदासमामा नेरळहून डबाभर पुरणपोळ्या घेऊन आलाही होता. आईनं डबा हातात घेतला, "ठेवते" म्हणाली आणि ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच. शेवटी बाबांनी एका सकाळी कुणाला न सांगता त्या पोळ्या गाईला घातल्या. दार होतं तिथंच राहिलं, उघडायचं कुणी?

साईराज हर्षलाचा मोठा भाऊ. जानेवारीत कुंभिवलीजवळ हायवेवर गाडीसकट गेला. तेव्हा हर्षला इतकी रडली की शेजारच्या सुंदराकाकूला तिचे हात धरून बसावं लागलं होतं. मग एक दिवस सगळं थांबलं. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गाल कसा होतो? आपलाच असतो, पण दाबला तरी कळत नाही. हर्षलाचं सगळं अंगच तसं झालं होतं. दहावीचे पेपर दिले, निकाल लागला, पास झाली, तेही चांगल्या मार्कांनी. मैत्रिणींनी फोनवर किंकाळ्या मारल्या. हिनं "हो गं, थँक्यू" म्हणून फोन ठेवला आणि कपडे वाळत घातले.

पण एक गोष्ट तिला त्या बधिरपणातही दिसत होती. आई आटत चालली होती. सकाळी चहा, दुपारी चतकोर भाकरी, तीही हर्षलानं समोर बसून "खा ना गं, खा ना गं" केलं तर. बाबा खोपोलीला कंपनीत. जूनमध्ये हर्षलाचं कॉलेज सुरू होणार, तेही कर्जतला. मग दिवसभर आईसमोर बसायला कोण? चतकोर भाकरीचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. आईच्या तोंडाला चव यायला हवी होती, आणि ती हर्षला घरी असेपर्यंतच यायला हवी होती.

त्या सकाळी डोंगराकडच्या वाडीतली जनी पाटी घेऊन आली. रायवळ आंबे, पिवळेधमक, काहींना अजून चीक.

"घे गं पोरी, झाडावरचे हायेत. चोखून बघ."

"चोखायचे नाहीत. भाजायचेत."

"आंबं भाजतेस?" जनीनं पाटी खाली ठेवून कमरेवर हात ठेवले. "शाळा शिकून असं होतं व्हय?"

हर्षलानं मोबाइलवर एक बाई पाहिली होती. काचेच्या भांड्यात फळं, वर रवाळ पीठ, भांडं ओव्हनमध्ये, आणि बाहेर येतं ते वाफाळतं. हर्षलाकडे ओव्हन नव्हता. पण काकडीचं धोंडस, तो तांदळाच्या रव्याचा गावठी केक, वाडीत सगळेच करतात, खाली निखारे, झाकणावर निखारे. ओव्हन म्हणजे तरी दुसरं काय? काकडीच्या जागी आंबा घालायचा, झालं.

राहिला गूळ. घरात गोड शिजवायचं नाही. मग हर्षलानं डोकं चालवलं, आणि तिचं डोकं चाललं की सुसाटच चालायचं. गोड म्हणजे काय? ज्यात आपण गोड घालतो ते. आंबा मुळातच गोड, त्यात आपला काय दोष? गूळ घालायचाच नाही. साखरेचा दाणासुद्धा नाही. मग ते गोडाचं होत नाही, आणि आईला नाही म्हणायला कारण उरत नाही!

तिनं आंबे पिळून रस काढला. रेषा इतक्या की हात केसाळ झाले. तांदळाचा रवा तुपावर भाजला, ओलं खोबरं, वेलची आणि मीठ टाकून रसात कालवला. टोपात केळीचं पान अंथरलं, वर मिश्रण ओतलं. मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल निवत आली होती. तिचे निखारे पसरून त्यावर टोप, वर जड झाकण, झाकणावर पुन्हा निखारे.

थोड्या वेळानं कुंपणावरून सुंदराकाकूचं डोकं वर आलं. नाकानं सगळ्या वाडीची खबर ठेवणारी.

"काय गं, काय शिजतंय? गोडाचा वास येतोय."

"गोडाचं नाय काकू. गूळ नाय, साखर नाय. या, तपासा."

"मी काय पोलीस हाय? आईला विचारलंस?"

"विचारलं तर नको म्हणेल."

"आन नाय विचारलं तर?"

"तर अजून नको म्हटलेलं नाय ना!"

काकूला हसू आलं, ते तिनं पदरानं पुसलं. या घराकडे बघून हसायचं नाही अशी तिला सवय झाली होती. "लई शानी हायेस. वरचं निखारं बघ, राख झालीय त्यांची. बदल, नायतर वरून पांढरंच राहील."

हर्षलानं निखारे बदलले. सुरी खुपसून पाहिली, कोरडी निघाली. तिनं केळीच्या पानासकट दोन तुकडे ताटल्यांत काढले आणि माजघरात नेले.

आई भिंतीला टेकून बसली होती. वर पंखा फिरत होता, त्याच्याकडेही तिचं लक्ष नव्हतं.

"काय हाय?"

"आंबा. भाजलाय. गूळ नाय घातला," हर्षला एका दमात म्हणाली, "म्हणजे चालतो."

आईनं ताटलीकडे पाहिलं. किती तरी वेळ नुसतं पाहिलं. हर्षलानं काहीतरी करायचं म्हणून स्वतःच्या तुकड्याचा घास घेतला आणि तिची जीभ पोळली. पोळली ते ठीक, पण ते आंबट होतं! सकाळी तोच रस बोटानं चाटला तेव्हा मधासारखा होता. विस्तवावर सगळी गोडी कुठं गेली कोण जाणे, उरला होता कैरीच्या जवळपासचा कसलासा आंबटपणा. हर्षलाला वाटलं, ताटली ओढून घ्यावी. हात उठला नाही.

तेवढ्यात आईनं कोपरा मोडला. तोंडात घातला. तिचा एक डोळा बारीक झाला.

"आंबट हाय."

"हं."

"रायवळ तापला की आंबटच लागतो. त्याला गूळ लागतो, एवढं कळत नाय तुला?"

"कळलं असतं तरी घातला नसता," हर्षला म्हणाली. "तू खाल्लं नसतंस."

आई उठली. स्वयंपाकघरात डबे वाजले. मग हातात गुळाचा खडा आणि सुरी घेऊन ती परत आली. गूळ दगडासारखा झाला होता, सुरी त्यावर खर्रखर्र करत होती. तिनं आधी हर्षलाच्या तुकड्यावर खरवडला. मग सुरी थांबली. हर्षला वाट बघत राहिली, आता आपल्या आत काहीतरी होईल, धडधडेल, निदान घसा तरी दाटेल. काहीच झालं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

आईनं स्वतःच्या तुकड्यावरही गूळ खरवडला. गरम होतं, म्हणून तो लगेच ओला होऊन आत मुरला. तिनं घास घेतला. चावला. गिळला.

"मीठ पण जास्त पडलंय," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

कुणी रडलं नाही. दोघी समोरासमोर बसून खात राहिल्या, दातांत अडकलेल्या रेषा बोटांनी काढत.

"सुंदरीला दे एक तुकडा," मध्येच आई म्हणाली. "नायतर कुंपणावर मान मोडंल तिची."

"देते. आणि बाबांना?"

"त्यांना झाकून ठेव."

हर्षलानं मान हलवली. तिला गुळाची चव लागत होती, बाकी काही नाही. आईनं ताटलीतलं पान उलटून पाहिलं. मागे काही उरलं नव्हतं.

"अजून हाय का?"

"टोपाला खरवड लागलीय," हर्षला म्हणाली. "जराशी करपलीय."

"आण."