वरून सातवी पायरी

मांजर हा प्राणी मला कधीच आवडला नाही. काम ना धाम, वर आपल्यावरच उपकार केल्यासारखी नजर. तरीही दादाच्या घरातल्या त्या राखाडी मांजरीला मी मनोमन हात जोडते, कारण तिने माझा भाऊ मला परत दिला.

दादा वजनकाटे दुरुस्त करतो. खाली कामाची खोली, तिच्यात उघडे करून ठेवलेले काटे, पारडी, पितळी वजनांच्या लाकडी पेट्या. वर राहायच्या दोन खोल्या, आणि मधे अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. त्यातली वरून सातवी पायरी करकरते. एखादा खिळा तरी ठोका म्हणून वहिनी कितीदा मागे लागायची, पण दादाचं उत्तर ठरलेलं होतं. "असू दे. घरातला सगळ्यात प्रामाणिक काटा आहे तो." शेवटच्या महिन्यांत वहिनी अगदी काडी झाली होती, तेव्हासुद्धा ती पायरी तिच्या पायाखाली करकरायची, आणि दादाला तेवढ्यानेही धीर यायचा.

वहिनी गेली आणि दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. चार महिने खालच्या खोलीला कुलूप. मी रोज दुपारी शिवणाचं मशीन बंद करून डबा घेऊन जायचे आणि बहुतेक वेळा तो तसाच परत आणायचे. "छातीवर कुणीतरी वजन ठेवलंय गं, छोटे," एवढंच तो बोलायचा. एकदा त्याने अगदी सहज विचारलं, की उद्या तो नसला तर या पेट्यांचं मी काय करीन. त्या दिवसापासून जिना चढताना, वर गेल्यावर काय दिसेल या धास्तीने माझे पाय जड व्हायचे.

मग एका दुपारी वर मांजर दिसली. किलकिल्या खिडकीतून आली असावी. दादाच्या छातीवर ती ऐसपैस पसरली होती, तिची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती, आणि दादा चक्क झोपला होता.

पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मीच विश्वास ठेवला नसता. बाईसाहेबांना सकाळी सहाला दूध लागतं म्हणून दादा सहाला उठू लागला. तिच्यासाठी खिडकी उघडायची म्हणून खोलीत ऊन आलं. तिच्याशी भांडता भांडता त्याला बोलायची सवय परत लागली, आणि महिन्याभरात खालचं कुलूपही निघालं. डॉक्टर तर हसून म्हणाले, "गोळ्या निम्म्यावर आणू. मांजर मात्र चालू ठेवा."

दर रविवारी दादा तिचं वजन करायचा. वजन केल्याशिवाय त्याला कुणावर माया करताच येत नाही. पहिल्या रविवारी सव्वातीन किलो भरलं. दोन महिन्यांनी अकरा. मांजर दिसायला तेवढीच होती, तीच नाजूक मान, तेच मूठभर पोट. "काटा बिघडला," दादा म्हणाला आणि दिवसभर तो काटा उघडून बसला. पुढच्या रविवारी चौदा भरलं. तीस वर्षं गिऱ्हाइकांशी काट्याच्या बाजूने भांडलेल्या माणसाने पहिल्यांदाच काट्याला खोटं ठरवलं, आणि मी त्याच्या होला हो केलं. मी तिला एकदा उचलायला गेले तेव्हा माझ्या कमरेत उसण भरली होती, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

त्याच सुमारास मी त्याला नवा सदरा शिवला. छाती, खांदा, पोट, सगळी मापं जुनीच, सुताभराचाही फरक नाही. सदरा घालून शीळ वाजवत तो जिना उतरला, आणि मी वर उभी राहून त्याची पावलं ऐकत होते. सातव्या पायरीवर काहीच वाजलं नाही. मागोमाग बाईसाहेब उतरल्या. पायरी करकरली.

"दादा, पायरी दुरुस्त केलीस का रे?"

"छे. का गं?" तो खालून हसला. "बघ ना, किती हलकं वाटतंय हल्ली."

मला काहीतरी विचारायचं होतं, म्हणून मी विचारलं, "वहिनीची आठवण येते का रे?"

त्याने जरा विचार केला, पत्ता विचारणाऱ्याला सांगण्याआधी करतात तसा. "येत असेल," तो म्हणाला.

मी स्वतःला दटावलं. माणूस जेवतोय, झोपतोय, शीळ घालतोय, आणखी काय हवंय तुला? खरंच, आणखी काय हवं होतं?

परवा मी गेले तेव्हा दादा कुणाचा तरी मोठा काटा बघायला बाहेर गेला होता. मी त्याच्या खुर्चीत टेकले. वहिनी गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. दोघांपैकी एकाला उभं राहणं भाग होतं. मांजर आली आणि माझ्या मांडीवर बसली. केवढं ते ओझं! पण ऊबही तशीच, आणि ती घरघर थेट हाडांत उतरणारी. मी रडले, पोटभर रडले, आणि कधीतरी रडणं आपोआप थांबलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. अशी मांजर घरोघरी असावी, असंही मनात आलं.

ऊन कलल्यावर मी डबा उचलला आणि जिना उतरू लागले. पाचवी, सहावी. सातव्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबले. टाच दाबून पाहिली. मग, कुणी बघत नव्हतं म्हणून, लहान मुलीसारखी एक उडीही मारून पाहिली. पायरी गप्प होती.

वरून बाईसाहेब एकेक पायरी उतरत आल्या, माझ्या पायाला अंग घासून शेजारी बसल्या, आणि पायरी करकरली.