किटलीच्या मुठीवरचा खळगा

नव्या घरात स्वयंपाकघराला एकच फळी होती आणि सासूबाईंच्या जुन्या घरात चार, त्याही गच्च भरलेल्या. काय न्यायचं आणि काय वाटून टाकायचं, यावरून मायलेकांचं तीन दिवस वाजत होतं. "मग मला इथेच राहू दे माझ्या भांड्यांपाशी," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मुलाने हात टेकले.

सून यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायच्या कामाला होती. ती म्हणाली, "आई, जे मागे ठेवाल त्याचं मी चित्र काढते. फळीवर नाही, तर भिंतीवर तरी राहील."

"चित्रात चहा होतो का ग?" सासूबाई फणकारल्या.

तरी सून पेन्सिलीला टोक काढून बसली. आधी कात्री काढली, मग झाकण हरवलेला डबा. अगदी हुबेहूब. सासूबाईंनी चष्मा चढवून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"गंजसुद्धा सोडला नाहीस! माझ्या संसाराची लक्तरं वेशीवर टांगायचीत का? पूस तो."

"गंज पुसला तर तो कुणाचाही डबा होईल."

सासूबाईंनी डबा उचलून चित्राशेजारी धरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी किटली झाली. चित्र बघताच त्या हसल्या. "सापडलीस! उलटी काढलीस. तोटी डावीकडे असते."

"मी डावखुरी ना, मला अशीच दिसते. पण आई, मुठीच्या लाकडाला दोन्ही अंगांनी खळगा पडलाय. पलीकडचा तुमच्या अंगठ्याचा. मग हा कुणाचा?"

सासूबाईंनी कागद खिडकीशी नेला. खळग्यात पेन्सिल इतकी हलकी फिरली होती, की तिथलं लाकूड गुळगुळीत आहे हे हात न लावता कळत होतं. लग्नानंतर सकाळचा पहिला चहा नेहमी नवऱ्याने केला होता, डाव्या हाताने. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"यांचा," त्या हळूच म्हणाल्या. "रोज घासते मेलीला, पण या बाजूने कधी बघितलीच नाही."

मुलगा दारात उभा होता. "किटली घेऊ या आई. करू जागा."

"नको. शेजारच्या शिवणवालीला दे, तिच्याकडे दिवसभर चहा होतो. मला हा कागद पुरे." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "आता यांची खुर्ची काढ. डावा हात झिजलाय तिचा, तो झाकू नकोस हं. आणि काय रे, त्या तुमच्या नव्या घरात भिंतीला खिळे ठोकू देतात ना?"