पिवळी चड्डी

टेबलावरची पिवळी चड्डी त्याने दोन बोटांनी उचलली आणि परत ठेवून दिली.

"साठी झाली की पिवळी, काका," यादी घेऊन बसलेली मुलगी म्हणाली. "जुन्या खेळाडूंच्या सामन्याचा नियमच आहे. पिवळ्याला कुणी हात लावायचा नाही."

"मला कुठे झालीय साठी? एकोणसाठ चालू आहे."

तो त्रेसष्ट वर्षांचा होता. बाकावर बुटांच्या नाड्या आवळत बसलेल्या बेकरीवाल्याला ते पक्कं ठाऊक होतं; दोघे एकाच वर्गातले. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा नाडीत लक्ष घातलं. बाकीचे हसले. पारा तो पाराच, सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही!

'पारा' हे नाव त्याला रग्बीने दिलं. चेंडू काखेत घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायचं असा तो खेळ, आणि हा कुणाच्या हाती लागेल तर शपथ. युक्ती तशी साधीच. खांदा डावीकडे झुकवायचा, डावा पाय जोरात रोवायचा, समोरचा त्या बाजूला कलला की उजवीकडून निसटायचं. बेकरीवाला विरुद्ध संघातून वीस वर्षं खेळला आणि वीस वर्षं हवेलाच मिठ्या मारत राहिला.

ही खोड घरातही सुटली नाही. बायको मागून येऊन बिलगली की याला नेमकं दूध उतू जाताना दिसायचं.

"तुला धरायला पंधरा जण पुरत नाहीत, मी एकटी काय धरणार!" ती हसून म्हणायची.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते. तेवढ्या काळात त्याच्या अंगाला दोघांचेच हात लागले. महिन्याकाठी न्हाव्याचा, आणि एकदा रक्तदाब मोजणाऱ्या नर्सचा. तिने दंडावरचा पट्टा सोडला तेव्हा तो म्हणाला होता, "पुन्हा एकदा बघता का?" घरी येऊन त्याला स्वतःचीच लाज वाटली होती.

सामना संपत आला तेव्हा चेंडू त्याच्याकडे आला. समोर एकटा बेकरीवाला, हात पसरून. खांदा आपोआप डावीकडे झुकला, पाय रोवला गेला. बेकरीवाला कलला, नेहमीसारखाच. उजवीकडे रेषेपर्यंत मैदान मोकळं पडलं होतं. कडेचे लोक ओरडायला लागले.

पारा डावीकडे गेला. सरळ त्याच्या हातांत.

दोघे धपकन गवतावर आदळले. पीठ मळून मळून राठ झालेले हात त्याच्या कमरेभोवती आवळलेले होते, बेकरीवाल्याचा गाल त्याच्या पाठीला टेकला होता.

"लागलं का रे?"

"नाही." मग जरा थांबून, "उठायची घाई करू नकोस."

पाडल्यावर लगेच सोडायचं, हाही नियमच. पंचाने शिट्टी फुंकली.

"सोडा! अहो, सोडा त्यांना!"

"एकोणसाठ म्हणे," बेकरीवाला त्याच्या पाठीशी पुटपुटला, आणि त्याने पकड आणखी घट्ट केली.

शेवटी पंचाने बेकरीवाल्याच्या संघाला दंड दिला.