प्रसिद्धीच्या क्षणापासून लागू

“सरकारं बंदुकीने येतात, पण खरी होतात ती छापून आल्यावरच,” असं ‘वेस्तनिक’चे पहिले संपादक म्हणून गेले. १९३७ साली त्यांना याच छापखान्याच्या मागे उभं करून गोळी घातली गेली. बातमी आली नाही. त्या दिवशी बीटाचं विक्रमी पीक आलं होतं, जागाच उरली नव्हती.

त्यानंतर ‘वेस्तनिक’ने चार झेंडे आणि अकरा संपादक पाहिले. बिश्केकचं हे रशियन भाषेतलं सरकारी दैनिक कुणी वाचत नसे. बाजारात त्याच्या पुड्यांतून सूर्यफुलाच्या बिया मिळत. पण एक नियम झेंड्यांबरोबर बदलला नाही. सरकारचा हुकूम ‘वेस्तनिक’मध्ये छापून येत नाही तोवर तो हुकूम नव्हे, नुसता कागद. म्हणून एप्रिलात सरकार पडलं तेव्हा नव्या सरकारची माणसं भरदुपारी छापखान्याकडे धावत सुटली.

मुद्रितशोधक कापितोलिना येगोरोव्हनाने त्यांना खिडकीतून येताना पाहिलं. बारा बंदूकवाले रस्ता तुडवत आले. तेरावा मात्र चौकात दिवा हिरवा होईपर्यंत थांबला, मग धावला. ती चहात जाम ढवळत होती, तेवढ्यात दार आत आलं. दारामागून पहारेकरी आला, तोही दारासारखाच आडवा.

सर्वांत पुढे जिरगाल. कालपर्यंत कुस्ती शिकवणारा हा माणूस आज राजधानीचा कमांडंट होता. संपादक आसानबेकला त्याने केसांना धरून जिन्यावरून खाली आणलं. एकोणीस पायऱ्या आसानबेकने हनुवटीने मोजल्या.

“हा हुकूम. कर सही, छाप!”

“वाचून तरी—”

बंदुकीचा दस्ता आसानबेकच्या उजव्या हातावर आदळला. ओली काटकी मोडावी तशी बोटं मोडली.

“आता कर सही!”

“आता कशाने करू?” आसानबेकने विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल तोंडावर बूट बसला आणि दोन दात यंत्राखाली गेले.

“अरे, मोडलास तो सहीचाच हात,” कापितोलिना म्हणाली. “ड्युटीवर मी आहे, माझीही सही चालते. पण वाचल्याशिवाय करत नाही. सदतीस वर्षांत केलेली नाही.”

“वाच, म्हातारे! पण ऐकून ठेव. पहिला अंक बाहेर पडला की या जुन्या सरकारच्या पोपटाला इथेच उडवणार.”

म्हणजे अंक जितका उशिरा निघेल तितका आसानबेक जगेल. कापितोलिना विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचू लागली. “कलम एक, अपूर्णविराम...” दुसऱ्या कलमाला तिने पेन्सिलीला टोक केलं. जिरगालने छतात गोळी झाडली. चहात गिलावा पडला. तिने तो चमच्याने काढून बशीत ठेवला आणि तिसरं कलम वाचलं.

“सरकारी इमारतीत शस्त्रासह आढळणाऱ्यास, स्वल्पविराम, दोनदा ताकीद देऊन गोळी घालावी, पूर्णविराम. हुकूम प्रसिद्धीच्या क्षणापासून लागू.”

कुणी ऐकलं नाही. सरकारी हुकूम कोण ऐकतो? तिने मात्र ताबडतोब सही ठोकली.

“झालं? एवढ्यात?” जिरगाल चकित झाला.

“भाषा सुरेख आहे.”

यंत्र धडधडू लागलं. पहिला अंक तिने उचलला आणि थेट त्या तेराव्याच्या हातात दिला. “तलाय ना तू? वाहतूक पोलिसातला? बघ रे बाळा, काही राहिलं तर नाही? आमचे डोळे मेले थकलेत.”

तलायने बोट ठेवून वाचलं. तिसऱ्या कलमाशी बोट थांबलं.

“जिरगाल बाइके,” थोरल्या भावाला हाक मारावी तसं तलाय म्हणाला, “बंदूक खाली ठेवा.”

“का?”

“कलम तीन. लागू झालंय.”

“अरे गाढवा, हुकूम आपलाच आहे ना!”

“म्हणून तर म्हणतो.”

जिरगाल पोट धरून हसला आणि नळी आसानबेकच्या कानशिलाला लावली. “आधी याला लागू करतो.”

“दुसरी ताकीद,” तलाय म्हणाला आणि त्याने गोळी झाडली.

गोळी गळ्यातून आरपार गेली. जिरगाल सुटू पाहणाऱ्या पैलवानासारखा यंत्रावर हात आपटत खाली घसरला. पुढचे चाळीस अंक लाल निघाले. कापितोलिनाने ते सदोष म्हणून बाजूला काढले.

मग अकस्मात उरलेल्या बाराही जणांना आपापल्या हातांत काय आहे ते दिसलं. शाईच्या पिंपात बंदुका बुडाल्या. सर्वांत आधी तलायचं पिस्तूल.

कापितोलिनाने आसानबेकचा हात ओढणीने बांधला. तो श्वास घेत होता. रक्ताचे बुडबुडे येत होते, पण घेत होता. बंदुका बुडवलेल्यांपैकी दोघांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. तलाय तिथेच घुटमळत राहिला. नवा कमांडंट आता तोच होता. त्याने टोपी काढली.

“एजे, ताई, एक विचारू? उद्या सासूची साठी आहे. चौथ्या पानावर, फोटोसकट... जमेल का?”