आधी वाक्य, मग दुखणं

कासू गावच्या गुणाजीची रोह्याच्या कंपनीतली बढती हुकली. त्याच्या गावठी 'हाय-नाय'ला साहेब लोक हसले म्हणे. हसले तर हसले! पण ह्या शहाण्याने राग काढला नऊ वर्षांच्या लेकीवर, मालूवर. शिफ्टवरून आला की व्याकरणाचं पुस्तक तिच्या पुढ्यात. कर्ता सांग, कर्म सांग. आणि घरात नियम काय, तर वाक्य चुकलं की बाप ऐकणार नाही. भूक लागो, ताप येवो, आधी शुद्ध बोल!

मालूची आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. आजी गिरजाबाई सगळं बघायची नि गप्प बसायची. शिकलेल्या मुलापुढे आपण काय बोलावं? तीही चुकलीच.

पौषात पोरांनी शेतावर पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ. मडकं काढायच्या घाईत मालूचा तळहात तापल्या मडक्याला चिकटला. रडत घरी आली, तर बाप ओटीवर.

"बाबा, माजा हात..."

"माजा? नीट बोल, मग ऐकतो."

मालूने ओठ हलवले, मिटले. हाताला फडकं गुंडाळून आत गेली.

दोन दिवस तिने तो हात लपवला. तिसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने जेवताना आजीला दिसली. आजीने फडकं सोडलं, तर वास आला!

"अगो, सांगितलं का नायस?"

"वाक्य जमत नव्हतं, आजी."

गिरजाबाईने तिला तशीच गुणाजीपुढे उभी केली. "बघ! तू झाडावरून पडून 'आये, दुकतंय' म्हणून बोंबललास, तवा मी तुला शुद्ध बोल म्हटलं होतं काय रे? शिकवायचंच तर तुझ्या साहेबांना शिकव, दुसऱ्याच्या बोलण्याला हसू नये म्हणून!"

गुणाजीने पोरीला उचललं नि पेण गाठलं. डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं वाकडीच राहतील. आधी आणायची होती." दवाखान्याच्या पायरीवर तो ढसाढसा रडला.

व्याकरण तो आजही शिकवतो, पण आधी ऐकतो. मालू मात्र काही सांगायच्या आधी अजून ओठातल्या ओठात पुटपुटते, आणि तो मान खाली घालून थांबतो.

आईबापांनो, व्याकरण जरूर शिकवा. पण पोर रडत आलं तर आधी त्याला जवळ घ्या. चुकलेलं वाक्य उद्या सुधारतं. ती बोटं नाही सुधारत!