रडणारं अस्वल

आठ महिन्यांत डेक्लनने अस्वलाच्या कानावरचे केस अकरा वेळा बदलले. रडणाऱ्या अस्वलाचं चित्र मात्र काढलंच नाही. टोरंटोतल्या कॉलेजच्या एका चार मिनिटांच्या ॲनिमेशनपटाचा तो दिग्दर्शक. वेळापत्रक सांभाळायचं मॉयराने, म्हणजे याने उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि तिने त्या गोळा करत फिरायचं.

"अगं, कलेला घाई चालत नाही."

"कलेला नसेल चालत, कॉलेजला चालते. शुक्रवारी परीक्षकांना दाखवायचंय, दिग्दर्शकसाहेब!"

कच्च्या प्रतीत जिथे चित्र नव्हतं तिथे, आणि एका ठिकाणी असूनही, मॉयराने स्वतःच्या आवाजात खुणा भरून ठेवल्या होत्या, त्याही रागाच्या भरात. शेवटच्या दिवशी डेक्लन म्हणाला, "अंतिम प्रत मीच पाठवणार. तू हात लावू नकोस." आणि या शहाण्याने पाठवली ती कच्चीच.

शुक्रवारी भरल्या सभागृहात कोऱ्या पडद्यावरून मॉयराचा आवाज घुमला, "इथे अस्वल रडतं. डेक्लनने कधी काढलंच तर!"

लोक खो खो हसले. मॉयराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डेक्लन मात्र उठला, छातीवर हात ठेवून वाकला आणि परीक्षकांना म्हणाला, "ही माझीच कल्पना. अगदी पहिल्या दिवसापासून!"

मॉयराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण प्रत अजून संपली नव्हती, हे आठवून ती खुर्चीत आरामात टेकून बसली.

पडद्यावर सोनेरी अक्षरांत दिग्दर्शकाचं नाव उमटलं, आणि पुन्हा तोच आवाज आला, "इथे डेक्लनचं नाव. त्याने वेळेवर पुरं केलेलं एकमेव चित्र."