शिवेवरची

या, असे पुढे सरकून बसा. मांडवाच्या कडेला बसणाऱ्याच्या कानात अर्धा अभंग जातो आणि अर्धा वाऱ्यावर जातो. ही गोष्ट तशी अर्धी ऐकण्यासारखी नाही. हिच्यात एक बाई आधीच अर्ध्या वाटेत राहून गेली आहे, म्हणून म्हणतो, शेवटपर्यंत बसा.

मालन गव्हाणे नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मूळच्या पिंपळगाव बसवंतच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा काळ असेल. बाकीचे प्राध्यापक तह आणि लढाया लिहीत होते. मालनबाईंनी विषय घेतला मानमोडीचा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तो ताप आला होता. सकाळी शेतावर गेलेला माणूस दिवेलागणीला तिरडीवर असायचा, म्हणून लोकांनीच त्याला हे नाव दिलं होतं.

विभागप्रमुख म्हणाले, "तापाला काढा असतो बाई, इतिहास नसतो."

"ज्यांना काढा मिळाला नाही, त्यांचा असतो," मालनबाई म्हणाल्या, आणि तासाला गेल्या.

सरकारी कागदांत नुसते आकडे होते. माणसं पाहिजेत तर ती म्हाताऱ्यांच्या तोंडात. म्हणून सुट्टीच्या दिवशी पिशवीत टेपरेकॉर्डर घालून त्या एसटीनं घोटीकडच्या भातखेड्यांत जायच्या आणि गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस कोण, असं विचारत त्याच्या ओसरीवर बसायच्या.

निवृत्ती तात्या हसत-खेळत बोलले आणि त्याच आठवड्यात गेले. सखुबाईंनी सांगितलं, की त्या साली भात उभा वाळून झडला, कापायला हातच उरले नव्हते. त्याही दिवाळी बघू शकल्या नाहीत. पुढे आणखी एक म्हातारे गेले. पिकली पानं ती, गळायचीच. पण खेड्यांत बोलणं सुरू झालं, की टेपवाली बाई आवाज काढून नेते आणि मागं माणूस राहत नाही.

घोटीच्या स्टँडवर एकदा एका बाईनं गाठलं. "तुमी त्याच ना, टेपवाल्या?"

"हो."

"मंग आमच्या सासूचं बी एकदा करून टाका की. लय दिस खाटेवर हाय. बिचारी सुटंल."

भोवतालच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मालनबाईही हसल्या. पण एसटीत बसल्यावर त्यांनी मांडीवरची पिशवी हळूच उचलून पायाशी ठेवली.

त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट फिरून फिरून यायची. सावरखेत नावाचं गाव, आणि तिथली शिवेवरची. गावाच्या शिवेवर एक दगड होता. दर अवसेला घराघरातल्या बाया त्याच्या पलीकडे पानावर भात नि अंडं ठेवायच्या, म्हणजे शिवेवरची गावात ताप आणत नाही. तिचं नाव कोणी घ्यायचं नाही. कीर्तनात आपण ऐकतो, नावात तारायचं बळ असतं. सावरखेतात सगळे मानायचे, की त्या नावात मारायचं बळ आहे.

पण जिचं नाव घ्यायचं नाही, तिला नाव असणारच ना? मालनबाईंना ते कळलं आणि त्यांची झोप उडाली. ते नाव ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं, म्हाताऱ्या कुसाबाई. त्या गेल्या की नावही गेलं, आणि एक बाई कायमची भूत होऊन राहिली.

त्या सावरखेतला गेल्या तेव्हा कुसाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या.

"आजी, शिवेवरची म्हणजे कोण हो?"

सुपातला हात थांबला. "भूत हाय."

"त्याच्या आधी कोण होती?"

"आधी कुनी नसतंय," म्हातारी म्हणाली, आणि पाखडलेलेच तांदूळ पुन्हा पाखडू लागली.

ओसरीवरून तिचा मुलगा खंडेराव उठला. "बाई, तुमच्या पायगुनाचं ऐकून हाय आमी. झोपलेलं उठवू नका. गावात ताप आला, तर तुमच्याकडं बघावं लागंल."

आणि ताप आला. खंडेरावाची नातच तापली. मालनबाईंना ते कुठून कळणार? पुढच्या रविवारी त्या फाट्यावर उतरून भर उन्हात चालत आल्या, तर शिवेच्या दगडापाशी माणसं उभी. दोघा-तिघांच्या हातांत काठ्या.

"इथनंच माघारी जायचं," खंडेराव म्हणाला. "नात फणफणलीया माझी. ह्या दगडाच्या आत पाय टाकायचा नाय."

मालनबाईंनी खाली पाहिलं. पायाशी पानावर आंबलेला भात होता, फुटलेलं अंडं होतं. ज्या जागेला गाव भीत होतं, नेमक्या त्याच जागेवर त्या उभ्या होत्या. एकानं वाकून दगड उचलला. 

"जाते मी," त्या म्हणाल्या. "निदान प्यायला पाणी तरी द्या."

कोणी पुढे झालं नाही. उलट पुढचा माणूस पाऊलभर मागे सरला.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत कुसाबाई आल्या. हातात तांब्या होता.

"आये, माघारी फिर," खंडेराव म्हणाला.

"तवा बी असंच म्हनले व्हते."

म्हातारीनं दगड ओलांडला. तांब्या मालनबाईंच्या हातात दिला आणि तिथंच, त्या भाताच्या पानाशेजारी, बसली.

"माझी भावजय व्हती ती. मी बी ह्याच गावची लेक. मानमोडीच्या साली तान्हं लेकरू घेऊन तिच्या माहेरावून आली, अंगात ताप. माझ्या बापानं हितंच आडवली. पानी पानी करायची. माझ्या हातात तांब्या व्हता गं. बापानं मनगाट धरलं. मंग आदी लेकराचा, मागनं तिचा आवाज थांबला. जित्तेपनी पानी नाय दिलं आनि मेल्यावर अंडी ठेवतो." ती थांबली. "तुझं यंत्र चालू हाय का?"

"नाही आजी."

"चालू कर. पन आधी ऐक. मी आता जायची, तू आली नसती तरी. गाव मात्र तुझ्या नावानं खडे फोडंल. कुनी दारात उभं करनार नाय. चालंल?"

मालनबाईंनी काठ्यांकडे पाहिलं, मग म्हातारीच्या मनगटाकडे. "चालेल," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

एकानं कानांवर हात ठेवले.

"झुंबर," कुसाबाई म्हणाल्या. "माझ्या वैनीचं नाव झुंबर. लेकराचं नाव ठेवायचं व्हतं अजून."

नातीला घोटीच्या डॉक्टरकडे नेलं, ती उठून खेळायला लागली. ते कोणी हिशेबात धरलं नाही. पोळ्याच्या आधी कुसाबाई गेल्या, तेवढं सगळ्यांनी धरलं. मग त्या पट्ट्यातलं एकही दार मालनबाईंना उघडलं नाही. स्टँडवर त्या दिसल्या की लेकुरवाळ्या बाया बाक सोडून उठायच्या. मानमोडीचं पुस्तक अर्धंच राहिलं. झुंबरवरचा एक लेख तेवढा छापून आला, तो कॉलेजातल्या चार लोकांनी वाचला. पुढे ऐंशीच्या दशकात त्या निवृत्त झाल्या, तरी सावरखेतात अवसेचा भात चालूच होता, आणि बाया शिवेवरचीच म्हणत होत्या.

आता उठाल तुम्ही, घरी जाल, निजताना देवाचं नाव घ्याल. त्याच्यापाठोपाठ एकदा झुंबरचंही घ्या. भिऊ नका, ती काही कोणाचं वाईट करायला आली नव्हती, तिला पाणी हवं होतं. आणि तिच्या कडेवरचं लेकरू, त्याला तर नावही नाही. त्याला नुसतं आठवा.